तीन हजार टनांची मर्यादा: दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाचा कोटा ठरवणारं सूत्र कसं तपासलं आणि ते कसं चाललं

मासेमारीचा कोटा ठरवायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. शास्त्रज्ञ एक आकडा सांगतात, बोटीवाले म्हणतात एवढ्यात आमचं भागत नाही, सरकारी मंडळी दोघांच्या मधला आकडा काढून मोकळी होतात, आणि पुढच्या वर्षी परत तेच. दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं चाललं आणि साठा पार तळाला गेला. मग 2011 मध्ये सगळ्या देशांनी मिळून आकड्यावरची भांडणं बाजूला ठेवली आणि आकडा काढायच्या सूत्रावर एकमत केलं. तेव्हापासून कोटा सूत्रानेच ठरतो. माझ्या मते ह्या प्रकरणातला खरा कस गणितात लागला नाही, सूत्र वापरात आणायच्या आधी ते कुठे कुठे फसेल हे किती कसून शोधलं तिथे लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मासा बघू, कारण सगळी अडचण त्याच्या आयुष्यातून येते. हा मासा दोन मीटरपर्यंत वाढतो, चाळीस वर्षंसुद्धा जगू शकतो, आणि अंडी घालायला लागतो तो साधारण दहाएक वर्षांचा झाल्यावर. अंडी घालायची जागा जगात एकच, जावाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याच्या अलीकडे. तिथून पिल्लं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने खाली सरकतात आणि तिथल्या उन्हाळ्यात ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मोठ्या आखातात, थव्यांनी दिसतात. ऑस्ट्रेलियन बोटी तिथेच दोन ते चार वर्षांचे मासे पर्ससीन जाळ्याने (थव्याभोवती फिरवून खालून आवळायचं जाळं) घेरतात, पिंजऱ्यात घालून हळूहळू ओढत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकन बंदराला नेतात, काही महिने खायला घालून वजन वाढवतात, आणि बहुतेक माल जपानला जातो. जपानी बोटी मात्र दूर समुद्रात लाँगलाइनने, म्हणजे खूप सारे गळ लावलेल्या लांबच लांब दोरीने, जास्त वयाचे, मोठे मासे धरतात. म्हणजे एकाच साठ्यावर दोन वेगवेगळ्या वयांत डल्ला. एखाद्या वर्षी पिल्लं कमी झाली तर ते बाइटमध्ये दोन-तीन वर्षांत कळतं, पण अंडी घालणाऱ्या माशांच्या संख्येत तो खड्डा दिसायला दशक जातं. तुम्ही आज कोटा कमी केलात तर त्याचं फळ बघायला तेव्हा खुर्चीवर असलेला माणूस बहुधा नसतोच!

मागचा इतिहास थोडक्यात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 80,000 टनांच्या आसपास मासा निघत होता. 1989 पर्यंत जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ह्या तिघांना एकूण कोटा 11,750 टनांवर आणावा लागला. 1994 मध्ये करार अमलात येऊन आयोग उभा राहिला, नाव सीसीएसबीटी (दक्षिणी ब्लूफिन ट्यूना संवर्धन आयोग), मुख्यालय कॅनबेरा. पण आयोग झाला म्हणून भांडण मिटलं नाही. जपानच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं साठा सावरतोय, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं म्हणणं अजिबात नाही. 1998 मध्ये जपानने 'प्रायोगिक मासेमारी' म्हणून कोट्याच्या वर मासा धरायला सुरुवात केली, 1999 मध्ये प्रकरण हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणात गेलं, तिथे ती तात्पुरती थांबवायचा आदेश निघाला, आणि 2000 मध्ये लवादाने सांगितलं की हा विषय आमच्या अधिकारातच येत नाही. मधली काही वर्षं तर एकूण कोट्यावर एकमतच नव्हतं.

ह्या सगळ्याला कंटाळूनच साधारण 2002 पासून सूत्राची कल्पना पुढे आली. कल्पना साधी आहे. क्रिकेटमध्ये पाऊस आल्यावर टार्गेट किती ते ठरवायचं सूत्र मॅचच्या आधी ठरलेलं असतं, पाऊस पडल्यावर दोन कॅप्टन वाटाघाटीला बसत नाहीत, तसंच इथे. समुद्रातून अमुक अमुक मोजमाप येणार, ते सूत्रात टाकायचं, आकडा येईल तो कोटा. आता सूत्र कोणतं घ्यायचं ते ठरवायला खोट्या समुद्रांवर प्रयोग करायचे. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माशाचा साठा तयार करायचा, त्यातून खऱ्यासारखीच अर्धवट आणि चुका असलेली मोजमापं काढायची, सूत्राला तेवढीच दाखवायची, सूत्र कोटा सांगेल, तो मासा त्या साठ्यातून काढायचा, पुढचं वर्ष, असं वीस-तीस वर्षं चालवायचं. आणि असा एकच साठा करून भागत नाही. नैसर्गिक मरण किती, साठा कमी झाल्यावर पिल्लं किती होतात, बोटींची पकड साठ्याच्या प्रमाणात कमी होते की शेवटपर्यंत चांगलीच दिसत राहते, ह्यातलं नक्की कुणालाच माहीत नसतं, म्हणून प्रत्येकाचे वेगवेगळे पर्याय घेऊन शेकडो-हजारो जगं तयार करायची. अट एकच, त्या जगाने आजवरच्या नोंदींचा मेळ घातला पाहिजे.

आणि नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. 2005 मध्ये एक सूत्र निवडूनसुद्धा झालं होतं. 2006 मध्ये जपानी बाजारातल्या विक्रीचे आकडे आणि बोटींनी नोंदवलेली पकड ताडून बघितली तर कळलं की कित्येक वर्षं नोंदवल्यापेक्षा बराच जास्त मासा धरला जात असावा. जपानचा कोटा 2007 पासून 6,065 टनांवरून थेट 3,000 टनांवर आला. पोर्ट लिंकनच्या पिंजऱ्यांतही सगळं साफ होतं असं नाही, तिथे जिवंत मासा पाण्यात मोजायचा, सॅम्पल म्हणून थोडे मासे काढून सरासरी वजन धरायचं, आणि ते वजन कमी धरलं जातंय का ह्यावर जपानचे प्रश्न होतेच. निवडलेलं सूत्र बाजूला ठेवावं लागलं.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग लोक नीट समजून घेत नाहीत असं मला वाटतं. मासा लपवला गेला म्हणजे साठा वाटला त्यापेक्षा वाईट, असं आपण पटकन म्हणतो. पण हिशोब तितका सरळ नाही. मॉडेलला आता सांगावं लागतं की मागे एवढा एवढा जास्त मासा निघाला आणि तरीही साठा संपला नाही, म्हणजे मूळ साठा मोठा असणार किंवा त्याची वाढ आपण समजतो त्याहून जास्त असणार. मग मॉडेल उलट जास्त आशावादी होऊ शकतं. दुसरी बाजू म्हणजे दर हजार गळांमागे किती मासे लागले हा जो दर, ज्यावर साठ्याचा कल ओळखायचा, तोच बिघडलेला. लपवलेला मासा जर त्याच नोंदवलेल्या गळांवर लागलेला असेल तर खरा दर वहीतल्यापेक्षा जास्त होता, आणि लपवलेल्या गळांवर लागलेला असेल तर दर ठीकच होता. दोन्ही शक्यतांत साठ्याची गोष्ट वेगळी निघते आणि कुठली खरी ते वहीतून कधीच कळणार नाही. शास्त्रज्ञांनी मग काय केलं, तर लपवलेल्या माशांचा किती हिस्सा नोंदवलेल्या गळांवरचा धरायचा ह्याचे वेगवेगळे पर्याय घेऊन तेच नवीन जगांमध्ये घातले. म्हणजे अप्रामाणिकपणा हीसुद्धा एक अनिश्चितता मानून सूत्राची परीक्षा त्यावर घेतली. मला ह्या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वात चांगलं पाऊल वाटतं. खोटी नोंद सापडली की एरवी लोक एक 'दुरुस्त' आकडा शोधून पुढे जातात, इथे आपल्याला खरा आकडा मिळणार नाही हे मान्य करून पुढे गेले.

दरम्यान साठ्याची अवस्था बिकट होती. 1999 ते 2002 ह्या काळातल्या पिल्लांच्या पिढ्या फार कमजोर निघाल्या होत्या. 2009 मध्ये एकूण कोटा 11,810 वरून सरासरी 9,449 टनांवर आणला. 2010 च्या जानेवारीपासून पकडीची कागदपत्रं प्रत्येक माशामागे टॅगसकट ठेवायची पद्धत सुरू झाली. आणि 2011 मध्ये अंदाज आला की अंडी घालणारा साठा मासेमारी सुरू व्हायच्या आधीच्या फक्त 5 टक्क्यांच्या आसपास उरलाय.

त्याच वर्षी, 2011 मध्येच, बालीच्या बैठकीत नवीन सूत्र मान्य झालं, त्याला बाली प्रोसीजर म्हणतात. त्याची परीक्षा कशावर घ्यायची हे आयोगाने ठरवलं: 2035 पर्यंत साठा मूळच्या 20 टक्क्यांवर यायला हवा, आणि तो यायची शक्यता 70 टक्के हवी. म्हणजे समजा 2,000 खोट्या जगांत सूत्र चालवून बघितलं तर त्यातल्या 1,400 जगांत ते साध्य झालं पाहिजे. हे 70 कुठून आलं? ते शास्त्रातून येत नाही, किती जोखीम घ्यायची हा धोरणाचा निर्णय आहे आणि तो आयोगाच्या सदस्यांनीच घ्यायला हवा होता, तसा त्यांनी घेतला. शास्त्रज्ञांचं काम एवढंच की प्रत्येक सूत्राला ह्या एकाच पट्टीवर आणून बसवायचं, आणि मग विचारायचं की बाकी गोष्टींत कोण चांगलं: सुरुवातीच्या वर्षांत किती मासा मिळतो, कोटा किती वेळा खाली-वर होतो, वाईटात वाईट दहा टक्के जगांत काय होतं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. सरासरीत सगळीच सूत्रं छान दिसतात, त्यामुळे खरी निवड वाईट जगांत सूत्र ब्रेक किती लवकर दाबतं ह्यावर व्हायला हवी.

बाली सूत्राला दोनच मोजमापं दाखवली जायची. एक, जपानी लाँगलाइन बोटींचा पकडीचा दर. दुसरं, बाइटमधला हवाई सर्व्हे, म्हणजे जानेवारी ते मार्च छोट्या विमानातून ठरलेल्या रेषांवर उडायचं आणि अनुभवी स्पॉटरने पाण्याच्या पृष्ठभागाजवळचे थवे बघून प्रत्येक थव्याचा अंदाज सांगायचा. एक मोजमाप मोठ्या माशांचं, एक पिल्लांचं. कोटा तीन-तीन वर्षांसाठी ठरणार आणि एका वेळी बदल जास्तीत जास्त 3,000 टन, खाली किंवा वर. ही मर्यादा उद्योगासाठी आहे, दर तीन वर्षांनी अर्ध्या बोटी बंद आणि परत सुरू असं कुणालाच परवडत नाही. शिवाय दरवर्षी एक तपासणी ठेवली, समुद्रात असं काही दिसतंय का जे परीक्षेच्या जगांमध्ये कधी आलंच नव्हतं? आलं असेल तर सूत्र बाजूला ठेवून वेगळा निर्णय घेता येतो, पण कारण देऊन. नाहीतर 'ह्या वर्षी परिस्थिती वेगळी आहे' म्हणत प्रत्येक वेळी पळवाट काढली असती.

मग सूत्राने काय केलं? पहिला आकडा 12,449 टन, पण आयोगाने तो एकदम न देता 2012 ला 10,449, 2013 ला 10,949 आणि 2014 ला 12,449 असा चढवत नेला. 2015 ते 2017 साठी 14,647. 2018 ते 2020 साठी 17,647. आकडे शेजारी ठेवून वजाबाकी केली की दिसतं, पहिली वाढ बरोबर 3,000, दुसरी 2,198, तिसरी परत बरोबर 3,000. म्हणजे तीनपैकी दोन वेळा मर्यादेला टेकूनच आकडा निघाला, सूत्राचा कल त्याहून जास्त द्यायचा होता. मर्यादा होती म्हणून वाढ पायरी-पायरीने झाली, नाहीतर नुकताच सावरायला लागलेला साठा परत एका झटक्यात उपसला गेला असता. साठ्याचा अंदाज 2014 मध्ये साधारण 9 टक्के, 2017 मध्ये 13, आणि 2020 मध्ये 20 टक्के. मोजायची पद्धत मधे थोडी बदलली त्यामुळे पहिला आकडा आणि शेवटचा आकडा थेट ताडून बघू नका, पण दिशा स्पष्ट आहे. 2035 चं लक्ष्य पंधरा वर्षं आधी गाठलं.

इथेच लोक टाळ्या वाजवून उठतात. पण 2016 मध्ये एक गोष्ट घडली ती बघायला हवी. त्या वर्षीच्या हवाई सर्व्हेत पिल्लांचा आकडा त्याआधी कधी नव्हता एवढा वर गेला आणि तोच 2018 च्या कोट्यासाठी सूत्रात गेला. खरंच पिल्लं एवढी होती, की त्या उन्हाळ्यात थवे पृष्ठभागावर जास्त आले? विमानातून दिसतं ते पृष्ठभागाजवळचंच, मासा खोल असेल तर तो मोजलाच जात नाही. शिवाय सर्व्हे महाग, आणि त्या कामाला लागणारे अनुभवी स्पॉटर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. 2017 नंतर तो बंदच झाला. म्हणजे सूत्राचा एक डोळाच गेला! मोजमाप बदललं की सूत्र बदलायलाच लागतं, कारण परीक्षा त्या मोजमापासकट झालेली असते. जुन्या सूत्रात नवीन आकडा भरला तर ती परीक्षा न दिलेलं सूत्र वापरण्यासारखं होतं.

पर्याय म्हणून जीन टॅगिंग आलं. दोन वर्षांची पोरं धरायची, स्नायूचा छोटा तुकडा काढायचा, मासा सोडून द्यायचा. पुढच्या वर्षी पोर्ट लिंकनच्या पिंजऱ्यांतून काढलेल्या तीन वर्षांच्या माशांचे तुकडे घ्यायचे आणि डीएनए जुळतो का बघायचं. पहिल्या वर्षी, 2016 मध्ये, सुमारे 2,950 मासे सोडले, पुढच्या वर्षी सुमारे 15,400 तपासले, त्यातले 20 जुळले. 2,950 गुणिले 15,400 भागिले 20, म्हणजे साधारण 22 लाख 70 हजार पिल्लं. गणित शाळेतलं आहे. पण अख्खा अंदाज 20 माशांवर उभा आहे, 16 जुळले असते तर उत्तर 28 लाखांच्या वर गेलं असतं, 25 जुळले असते तर 18 लाखांवर आलं असतं. अशी वीस-बावीस टक्क्यांची डगमग ह्या पद्धतीत असणारच, म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर न जाता काही वर्षांचा एकत्र विचार करायचा आणि ही डगमगसुद्धा खोट्या जगांत घालून सूत्र तपासायचं. एवढं करूनही मला ही पद्धत हवाई सर्व्हेपेक्षा भरवशाची वाटते, कारण तिची चूक किती ते आधी सांगता येतं.

मोठ्या माशांसाठीही असंच डीएनएवरचं काम आधीच झालं होतं, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ ह्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेमध्ये मार्क ब्रॅव्हिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. बालीत उतरणारे मोठे मासे आणि पोर्ट लिंकनची पिल्लं, मिळून सुमारे 14,000 मासे, त्यात आई-बाप आणि पिल्लू अशा 45 जोड्या सापडल्या. जोड्या जितक्या कमी तितका पालकांचा साठा मोठा. ह्यात बोटीवाल्याने वहीत काय लिहिलं त्याचा संबंधच येत नाही, आणि 2006 नंतर नेमकं असंच मोजमाप हवं होतं.

2019 मध्ये केपटाऊनला नवीन सूत्र मान्य झालं. आता तीन मोजमापं: लाँगलाइनचा दर, जीन टॅगिंग, आणि नात्यांच्या जोड्या. लक्ष्य 2035 पर्यंत 30 टक्के, शक्यता 50 टक्के. हे ऐकून काहींना वाटतं की 70 वरून 50 म्हणजे ढिलाई. तसं वाटायचं कारण नाही, लक्ष्यच दीडपट वर नेलंय, दोन शक्यता वेगवेगळ्या लक्ष्यांच्या आहेत आणि त्या एकमेकींशी ताडता येत नाहीत. 20 टक्क्यांच्या खाली परत जायची शक्यता किती, हे खरं विचारायला हवं. नवीन सूत्राने 2021 ते 2023 साठी कोटा 17,647 वरच ठेवला, आणि 2024 ते 2026 साठी 20,647. परत वजाबाकी करा, परत बरोबर 3,000.

आता माझा मुख्य आक्षेप. 9,449 टनांवर असताना 3,000 म्हणजे जवळजवळ 32 टक्के होते. 20,647 वर तेच 3,000 म्हणजे साडेचौदा टक्के. मर्यादा कागदावर तीच राहिली, पण कोटा मोठा होत गेला तसा तिचा अर्थ बदलला. वर जाताना हे चांगलंच आहे, वाढीचा वेग आपोआप मंदावतो. पण खाली येताना? समजा 1999 ते 2002 सारख्या तीन-चार कमजोर पिढ्या परत आल्या. निर्णय 2022 मध्ये घेऊन कोटा 2026 पर्यंत लागू, म्हणजे आधीच उशीर, त्यानंतरच्या पहिल्या कपातीत जास्तीत जास्त साडेचौदा टक्के, पुढची कपात आणखी तीन वर्षांनी. 2009 मध्ये एका फटक्यात 20 टक्के कापले होते, तेवढंसुद्धा सूत्राला एका वेळी जमणार नाही. कुणी म्हणेल की त्यासाठी दरवर्षीची तपासणी आहेच, अगदीच विपरीत दिसलं तर सूत्र बाजूला ठेवता येतं. बरोबर, पण मग परत टेबलावर वाटाघाटी, आणि त्या वाटाघाटी टाळायला तर हे सगळं केलं. शिवाय कमजोर पिढ्या ह्या खोट्या जगांमध्ये आलेल्याच असतात, त्यामुळे 'परीक्षेच्या बाहेरचं काही घडलं' असं म्हणायला आधारही मिळायचा नाही.

म्हणून पुढच्या वेळी सूत्राची परीक्षा होईल तेव्हा दोन मर्यादा वेगळ्या ठेवून बघायला हव्यात, वर जाताना टनांची आणि खाली येताना टक्क्यांची, उदाहरणार्थ 25 टक्क्यांपर्यंत कपात करता येईल अशी. आणि ती खास अशाच जगांत चालवायची जिथे कोटा 20,000 टनांच्या वर असताना चार वर्षं सलग पिल्लं कमी पडतात, जीन टॅगिंगच्या जोड्यांची डगमग तेवढीच ठेवून. उद्योगाला ह्यात अस्थिरता वाढल्यासारखी वाटेल, पोर्ट लिंकनला पिंजरे आणि खाद्य ह्यात पैसे घातलेल्यांना तर नक्कीच. पण एकदा मोठी कपात आणि लवकर परत चढण, की तीन वेळा छोटी कपात आणि दहा वर्षं तळाला, ह्यातलं त्यांच्या दृष्टीने काय बरं, ते ह्याच खोट्या जगांतून टनांमध्ये काढून त्यांच्यासमोर ठेवता येतं.